खिंडीतली गर्दी आणि मागे चालणारी साळू

सागाच्या एका जंगलात, डोंगराच्या अलीकडच्या उतारावर, एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. पाडस जन्मापासूनच नाजूक होते. त्याचे पाय गवताच्या काड्यांसारखे बारीक होते आणि ऊन त्याला मुळीच सोसत नसे. उन्हाळा सुरू झाला, जवळचे ओढे आटले, आणि साऱ्या जंगलाला पाण्यासाठी डोंगरापलीकडच्या तळ्यावर जावे लागू लागले. तिकडे जायला वाट एकच होती, दोन कड्यांमधली एक अरुंद खिंड.

मित्रांनो, त्या जंगलात एक जुनी रीत होती. फार वर्षांपूर्वी खिंडीजवळ एक वाघ राहत असे. त्याच्या भीतीने सगळ्यांनी ठरवले होते, की पहाटे रानकोंबडा आरवला की एकदमच निघायचे आणि एकमेकांना अगदी चिकटून चालायचे. पुढे वाघ दूरच्या रानात निघून गेला. रीत मात्र तशीच राहिली. धुक्यात कोंबडा आरवे, आणि गवे, सांबरे, रानडुकरे, अस्वले, वानरे असे सारे जण एकाच वेळी खिंडीच्या तोंडाशी येऊन दाटत. शिंगांत शिंगे अडकत. कोणी पुढे सरके, लगेच थांबे, पुन्हा सरके. हरिणी तळ्यावर पोहोचेपर्यंत ऊन चांगलेच तापलेले असे आणि तळ्याच्या काठाशी नुसता चिखल उरलेला असे. पाडस तो चिखल हुंगून तोंड फिरवी.

म्हाताऱ्या वानराने एकदा पाडसाकडे पाहिले आणि ते हळूच म्हणाले, "पोरी, रोज असंच उन्हात उभं राहावं लागलं, तर हे लेकरू उन्हाळा काढणार नाही गं."

गर्दीवर उपाय झाले नाहीत असे नाही. गव्याने आठ दिवस खपून शिंगांनी कडेचे दगड उकरले आणि खिंड रुंद केली. दोन दिवस सगळे मजेत गेले. पण खिंड रुंद झाल्याची बातमी शेजारच्या रानात पोहोचली आणि तिकडची जनावरेही याच वाटेने येऊ लागली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच दाटी!

मग कोल्हा पुढे आला. "सोपं आहे," तो मिश्या साफ करत म्हणाला. "मी खिंडीच्या तोंडाशी बसतो. ज्याला जायचं असेल, त्याने माझ्यापुढे एक फळ ठेवावं. गर्दी आपोआप कमी होईल."

"आणि तुझं पोट आपोआप वाढेल!" रानडुक्कर म्हणाले.

हरिणी म्हणाली, "कोल्होबा, मी गवत खाते. मी फळ कुठून आणू?"

"मग तू मागाहून ये," कोल्हा म्हणाला.

गव्याने जोरात फुत्कार टाकला. "तहान सगळ्यांना सारखीच लागते. पाण्याच्या वाटेवर मोल मागायचं नाही." कोल्ह्याचा बेत बारगळला, पण गर्दी काही हटली नाही.

एके दिवशी रांगेत उभे असतानाच पाडसाचे पाय दुमडले. हरिणी त्याला घेऊन बाजूला, एका मोहाच्या झाडाखाली बसली. सारी रांग त्यांच्यासमोरून ढकलाढकली करत पुढे गेली. सगळ्यांत शेवटी, एकटीच, एक साळू येत होती. तिच्या अंगावरच्या लांब काट्यांमुळे तिच्याजवळ कोणी चालत नसे, म्हणून ती नेहमी मागेच राही. ती थांबली. काट्यांचा आवाज होऊ नये म्हणून जपून खाली बसली.

"ताई, एक सांगू?" साळू खाली बघत म्हणाली. "मी रोज शेवटी असते ना, त्यामुळे मला सगळी रांग दिसते. खिंडीत कुठे दगड नाही, झाड पडलेलं नाही. पुढचा जरा ठेचकाळतो. मागच्याचं नाक त्याच्या शेपटीलाच लागलेलं असतं, म्हणून तो गपकन थांबतो. मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. पुढचा केव्हाच चालू लागलेला असतो, आणि मागे मात्र सगळे उभेच. मी अंतर ठेवून सावकाश येते. मला कधीच थांबावं लागत नाही."

हरिणी चकित झाली. "अगं, मग हे तू सगळ्यांना का सांगत नाहीस?"

"मी बोलायला गेले, की सगळे आधी माझ्या काट्यांकडे बघतात," साळू म्हणाली.

हरिणीने क्षणभर विचार केला. "मग सांगू नकोस. उद्या रांगेच्या मधोमध चाल. मी तुझ्या मागे असेन."

दुसऱ्या दिवशी धुके इतके दाट होते, की झाडे आकाशातून खाली लोंबत आहेत असे वाटत होते. कोंबडा आरवला. साळू रांगेच्या मध्ये, रानडुकराच्या पुढ्यात शिरली आणि हरिणी पाडसासह थोडी मागे उभी राहिली.

"ए काटेवाले, इकडे कुठे? माझ्या नाकाची चाळण करणार आहेस का?" रानडुक्कर ओरडले.

"मग नाक जरा मागे ठेवा की, दादा," हरिणी म्हणाली.

रानडुक्कर कुरकुरत चार पावले मागे सरकले. त्याच्या मागचे सांबरही सरकले. साळू आपल्या चालीने निघाली, पुढच्याला न भिडता आणि मध्येच न थांबता. पुढे ढकलाढकली होई, पण साळू तिथे पोहोचेपर्यंत वाट मोकळी झालेली असे. तिच्या मागची रांग धुक्यातून अशी सरकत होती, जणू उताराने शांत पाणी वाहत आहे. खुरांचा आवाजसुद्धा मऊ झाला होता. अस्वलाला चालता चालता डुलकी लागली आणि तरी ते कोणाला धडकले नाही. तळे आले तेव्हा पाण्यावर अजून डोंगराची सावली होती.

"मी आज एकदाही थांबलो नाही!" रानडुक्कर म्हणाले. "काय जादू केलीस गं?"

आता सगळे साळूकडे पाहू लागले, आणि या वेळी तिच्या काट्यांकडे नव्हे. तिने हळू आवाजात सगळे समजावून सांगितले. शेवटी ती म्हणाली, "आणि वाघ तर केव्हाच गेला. मग सगळ्यांनी एकदमच का निघायचं? कोंबडेबुवा तीनदा आरवले तर?"

"तीनदा?" रानकोंबडा फुगून म्हणाला. "आमच्या घराण्यात एकदाच आरवतात. माझा घसा बसेल!"

"बसू दे, तेवढीच शांतता," म्हातारे वानर म्हणाले, आणि सगळे हसले. कोंबडाही शेवटी हसला.

त्या दिवसापासून पहिल्या आरवण्याला पिल्लांच्या आया आणि म्हातारे निघू लागले, दुसऱ्याला मोठी जनावरे, आणि तिसऱ्याला ज्यांना उशिरा उठायला आवडते ते सारे. कोल्हा तिसऱ्यात होता. प्रत्येक जण पुढच्याच्या मागे चार पावले मोकळी सोडून चाले. एक दगडही आणखी उकरावा लागला नाही.

हरिणी पाडसाला घेऊन तळ्यावर गेली तेव्हा तिथे कोणाचेही पाऊल उमटले नव्हते. पाणी काचेसारखे होते. पाडसाने मान खाली घातली आणि ते दचकून थांबले. पाण्यातून दुसरे एक पाडस त्याच्याकडे बघत होते.

"आई, हा कोण?"

"तूच आहेस, बाळा," हरिणी म्हणाली. "पी आता."

पाडसाने त्या दुसऱ्या पाडसाच्या नाकाला नाक लावले आणि ते पोटभर पाणी प्यायले.

तात्पर्य : सगळेच एकदम पुढे घुसले तर रुंद वाटही अपुरी पडते; वेळ वाटून घेतली आणि पुढच्याच्या मागे थोडी जागा सोडली, तर अरुंद वाटेनेही सगळे वेळेवर पोहोचतात.