टाकी न लागलेलं अक्षर

पाथरखोरीच्या माळावर मुलींची शाळा आहे. खालून बघितलं तर ती शाळा वाटतच नाही. दगडाच्या जुन्या खाणीवर कुणीतरी कौलं घालून ठेवलीत असं वाटतं. चढ चढून वर गेलं की आधी लांबच लांब पडवी लागते आणि पडवीत भिंतीलगत ओळीनं जाती मांडलेली दिसतात. एकदोन नाहीत. जेवढी मुळाक्षरं तेवढी जाती. प्रत्येकाच्या वरच्या दगडावर एकेक अक्षर कोरलेलं. लहान वर्गाच्या पोरी बाकावर बसत नाहीत, या जात्यांपाशी मांडी घालून बसतात. हजेरीसुद्धा तशीच. बाई नुसतं "ग" म्हणतात आणि ग च्या जात्यापाशी बसलेल्या दोघीतिघी "आहोत" म्हणून ओरडतात.

सगळी अक्षरं टाकीनं, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीनं कोरलेली आहेत. बोट फिरवलं तर कडा अजून टोचतात. फक्त एक म तसा नाही. तो हाताला लोण्यासारखा लागतो. त्याच्या कडेला टाकीचा एक घाव नाही, आणि सगळ्यांत खोल तोच आहे.

नवीन माणूस हमखास विचारतं, "हा कुणी कोरला?"

शेवंताआत्यांची उभी हयात या शाळेत भाकरी थापण्यात गेली. त्या पिठाचे हात पदराला पुसतात आणि म्हणतात, "कोरला न्हाई कुणी. बसा. पाणी प्या, दमलाय. मग सांगते."

जूनमध्ये लेकींना सोडायला आलेल्या आया पडवीच्या कडेला टेकतात. पोरी आयांना चिकटून बसतात. मग आत्या सांगायला लागतात. गोष्ट शाळेची आहे, पण आत्या ती नेहमी गिरजेपासून सुरू करतात.

गिरजा ही पाथरखोरीच्या पाटलांची धाकटी सून. किती वर्षं झाली ते कुणाला ठाऊक नाही. आत्यांच्या आजीनं तिच्या आजीकडून ऐकलेलं. गिरजेची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरी तुळसा तेवढी जगली. तेव्हापासून गिरजेच्या जिवाला थारा नव्हता. तुळसाच्या पायात तिनं घुंगरू बांधले होते. चुलीपाशी असो की गोठ्यात, कान घुंगरांकडे. घुंगरू वाजायचे थांबले की ही हातातलं टाकून धावायची. जावा हसायच्या. "पोरगी हाय का शेळी गं? दावंच बांध की एकदाचं!"  हसणाऱ्यांचं एकही लेकरू मातीत गेलं नव्हतं.

त्याच गावात साळूबाई पाथरवटीण होती. तिचा नवरा दगडावर नावं कोरायचा, देवळाच्या पायरीवर, समाधीवर, विहिरीच्या काठावर. कुणीतरी शिकलेला माणूस गेरूनं अक्षरं काढून द्यायचा आणि हा त्याच्यावरून टाकी चालवायचा. दगड हलू नये म्हणून साळूबाई तो धरून बसायची. धरता धरता ती अक्षरांकडे बघायची. हे काय, ते काय, असं प्रत्येकाला विचारून विचारून तिला सगळी मुळाक्षरं आली. नवरा गेल्यावर तिनं टाकी हातात घेतली आणि दारोदार हिंडून जाती टाकवू लागली. दळून दळून जात्याचे दगड आतून गुळगुळीत होतात. मग दाणा नुसता चेपतो, पीठ पडत नाही. टाकीचे बारीक घाव घालून दगड पुन्हा खरबरीत करायचा, हे तिचं काम. बदल्यात पायलीभर जोंधळे.

एका उन्हाळ्यात, असे सांगतात, साळूबाईनं वरच्या आळीतल्या प्रत्येक जात्यावर कामाबरोबर एकेक अक्षर कोरलं. एका घराला एकच. बायकांना वाटलं, नक्षी आहे. त्या घरात जी पोरगी असेल तिच्या कानाशी लागून साळूबाई सांगायची, "हे ल. हे तुझं. सांभाळ." पहाटे आयांबरोबर दळायला बसलेल्या पोरी बघायच्या, तर आपलं अक्षर डोळ्यांसमोर गरागरा फिरतंय. दळण संपेपर्यंत ते डोळ्यांत बसायचं. एकीकडे ल, दुसरीकडे क. पण एकट्या अक्षराचं करायचं काय? मग पोरी पाणवठ्यावर जमायला लागल्या. तिथं ओल्या बोटांनी काठावरच्या फरशीवर जिनं तिनं आपलं अक्षर दुसरीला द्यायचं. तुमच्याकडून ऊस आणा, आमच्याकडून बोरं न्या, तशी ती देवघेव. पावसाळा लागला तेव्हा वरच्या आळीतल्या पोरींना एकमेकींची नावं लिहिता येत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

तुळसाच्या वाट्याला म आला होता.

श्रावणात गावात ताप आला. घरटी एकदोन माणसं अंथरुणाला खिळली. पाटलांचा धाकटा मुलगा, गिरजेचा नवरा, आठ दिवस डोळे उघडेना. अशात तुळसानं परातीतल्या पिठात बोटानं म काढला आणि तो तिच्या आजीनं बघितला. पाटलीणबाईंनी परातच उलटी केली. "बाईमाणसाच्या हाताला अक्षर लागलं की घरातला कर्ता पुरुष जातो. कुणी शिकवलं हे?"

तुळसानं जात्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी चावडीपुढे साळूबाईला उभं केलं. सगळी आळी जमली होती. पाटील म्हणाले, "जेवढ्या दगडांवर हे केलंस तेवढ्यांवरनं पूस. आत्ताच्या आत्ता."

साळूबाई म्हणाली, "पाटील, ज्या हातानं कोरलं त्या हातानं पुसायची न्हाई. पुसायचं तर तुम्ही पुसा. पण ज्या दगडावरचं अक्षर पुसलं जाईल तो दगड पुन्हा दळायचा न्हाई. आणि माझी टाकीबी या गावच्या दगडाला लागायची न्हाई."

असं म्हणून ती तडक माळावर गेली आणि खाणीतल्या कुंडात तिनं टाकी टाकली. नवऱ्याच्या हातची, एवढी एकच वस्तू तिच्यापाशी होती. ती खाली जाताना पाण्यातून आवाज आला म्हणे, देवळातल्या घंटेसारखा, आणि तो खाली आळीत सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर दगडाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. पाटीलसुद्धा माघारी फिरले.

एकटी गिरजा मात्र घाबरली ती उलट्या बाजूनं. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिच्या नवऱ्याचा ताप उतरला होता. त्यानं डोळे उघडून पेज मागितली होती. तरी तिच्या मनात एकच घोळत होतं, की अक्षर घरात आहे, आज नवरा वाचला, उद्या तुळसा. भीतीला तोंड असतं, कान नसतात. अंथरुणावरच्या नवऱ्याखेरीज बाकी सगळे शेतावर गेल्यावर तिनं पहार घेतली आणि जात्यावरच्या म वर घाव घालायला बसली. दगड काळा, कणखर. ठोकून ठोकून हाताला फोड आले, फुटले. ती त्या अक्षराच्या गाठीवरून गेली, आडव्या रेघेवरून गेली, उभी रेघ वरपासून खालपर्यंत फोडत आली. दुपार कलली तेव्हा दगड सपाट झाला. तुळसा उंबऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. रडली नाही.  घुंगरूसुद्धा वाजले नाहीत, इतकी निश्चल उभी होती.

तिसऱ्या दिवशी गिरजेचं जातं दळेना.

मग जे झालं ते बघून गावानं तोंडात बोट घातलं. दिवाळीपर्यंत खालच्या आळीची सगळी जाती गुळगुळीत झाली. शेजारच्या गावचा पाथरवट बोलावला, तर टाकी दगडावरून घसरायला लागली. तो हत्यारं गुंडाळून निघून गेला. पण वरच्या आळीतली अक्षरांची जाती? त्यांना कुणी पुन्हा टाकी लावली नव्हती, तरी पीठ पडायचं ते रेशमासारखं. वर्ष सरलं तरी तसंच. सगळा गाव टोपल्या घेऊन अक्षरांच्या घरी दळायला यायला लागला. पाटलांची सून असून गिरजासुद्धा डोक्यावर टोपली घेऊन शेजारणीच्या दारात उभी राहायची. शेजारीण म्हणायची, "या धाकट्या पाटलीणबाई, रांगेला बसा." तुळसा मागून यायची, शेजारच्या पोरींची अक्षरं बघायची आणि विचारलं कुणी, "तुझं कुठंय गं?" तर खाली बघायची.

बायकांना साक्षात्कार झाला तो असा. देवानं नव्हे, दगडानंच सांगितलं. त्या पाणवठ्यावर बोलल्या आणि ठरवलं, पोरींना माळावर, खाणीपाशी राहायला गेलेल्या साळूबाईकडे शिकायला पाठवायचं. पुरुष म्हणाले, "पोरी शाळेत गेल्या तर दळायचं कुणी?" तेव्हा एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "मग जातीच शाळेत नेऊ. पोरी तिथंच दळतील, तिथंच शिकतील."

"आणि आमची भाकरी?"

"भूक लागली की या वर. वाढू."

गुढीपाडव्याच्या दिवशी वरच्या आळीतल्या आया डोक्यावर चुंबळ ठेवून, चुंबळीवर जातं ठेवून माळ चढल्या. एकीनं वरचा दगड, दुसरीनं खालचा. मागं पोरी, जोंधळ्याच्या पिशव्या घेऊन. कुणा राजाची सनद नाही, कुणा सावकाराचा आधार नाही. दगड आयांचे, धान्य आयांचं, माळ कुणाचाच नाही. अशी ही शाळा बसली. म्हणून आजवर तिला कुणी मालक नाही.

साळूबाई खाणीच्या तोंडाशी उभी होती. तिनं एकेक जातं अक्षराच्या क्रमानं मांडून घेतलं. भ मांडला. पुढं य मांडला. मध्ये एका जात्याची जागा मोकळी सोडली.

गिरजा सगळ्यांच्या शेवटी आली. तिच्या दगडाला हात लावायला कुणी तयार नव्हतं, म्हणून एकटीनं दोन खेपा केल्या. सासूनं दारात अडवलं होतं, तिला ओलांडून आली. मागं घुंगरू वाजत होते. तिनं कोरा दगड त्या मोकळ्या जागी ठेवला आणि साळूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "एवढं एकदा कोरा. माझ्या पायी माझी पोर अक्षराविना राहिली."

"टाकी कुंडात हाय, बाई. आणि शब्द तिच्यासंगं गेलाय."

"मग हिनं काय करायचं? बाकीच्या शिकतील आणि ही?"

साळूबाईनं त्या सपाट दगडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "म शिवाय तर चालायचं न्हाई. साधं मीठबी लिहिता यायचं न्हाई, आन् माहेरबी. तूच गिरव."

गिरजा म्हणाली, "मला कुठं येतं? मी अडाणी."

"बोट पाण्यात बुडव. पोरीचा हात धर."

गिरजेनं तांब्यात बोट बुडवलं. तुळसाचा हात हातात घेतला आणि दगडावर टेकवला. आणि तिचा हात चालायला लागला. गाठीपाशी वळला, आडवा गेला, बरोबर तिथंच उभा राहिला. तिला अक्षर येत नव्हतं, पण अख्खी दुपार तिनं त्याच्यावर घाव घातले होते. कुठं वळतं, कुठं थांबतं, ते तिच्या फुटलेल्या हाताला पाठ होतं. पुसताना शिकली होती ती. जमलेल्या बायकांच्या अंगावर काटा आला. 

उभ्या रेघेपाशी साळूबाई म्हणाली, "आता सोड."

गिरजेला सोडवेना. बोटं घट्टच. तेव्हा तुळसा म्हणाली, अक्षर पुसल्यापासून आईशी पहिल्यांदा एवढं बोलली, "आये, सोड की. मला येतंय."

गिरजेनं हात काढला. तुळसानं शेवटची रेघ एकटीनं ओढली.

उन्हात ते ओलं अक्षर घटकाभर राहिलं आणि वाळून गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढलं, पुन्हा वाळलं. गिरजा रोज सकाळी माळ चढून यायची, लेकीबरोबर तेवढं एक अक्षर गिरवायची आणि उतरून जायची. उताराच्या वळणावर थोडी थांबायची. वरून घुंगरू ऐकू यायचे. मग पुढं जायची. पुढं पुढं थांबेनाशी झाली, असे सांगतात. एक दिवस तुळसानं घुंगरू सोडून आईच्या ओटीत टाकले. गिरजा ते मुठीत धरून खाली गेली.

तुळसा मोठी झाली आणि साळूबाईच्या मागं शाळेची बाई झाली. तिच्या हाताखालच्या पोरी म तिथंच गिरवायच्या. किती हजार वेळा, कुणी मोजलं? गिरजा म्हातारी झाली, डोळ्यांना दिसेना, तरी तिला धरून वर आणायचे. एका चैत्रात सकाळी तिनं सवयीनं दगडावर पाणी शिंपडलं. पाणी वाहून गेलं नाही. दगडावरच थांबलं. तुळसानं जवळ येऊन बघितलं, तर पाणी म च्या आकारात उभं होतं. बोटांनी दगडाला वाट पाडली होती. तुळसानं आईचं बोट धरून त्या खाचेतून फिरवलं. पुसलेलं परत आलेलं म्हातारीला डोळ्यांनी दिसलं नाही, बोटाला दिसलं. त्याच दिवशी ते जातं फिरवून बघितलं. पीठ पडलं. रेशमासारखं.

इथं आत्या थांबतात. बसलेल्या आयांपैकी एखादी हळूच विचारते, "आत्या, माझी राहील ना हो इथं? रात्रीची उठते. कधी सोडली न्हाई मी तिला."

 आत्या तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवतात.

आजही शाळेत नवी पोर आली की पहिल्या दिवशी तिची आई शिदोरीतलं मूठभर जोंधळे त्या जात्यात टाकते, मायलेकी मिळून दळतात आणि त्याची भाकरी सगळ्या वर्गात घासघास वाटली जाते. आजही त्या म मधलं पाणी भर वैशाखात आटत नाही. आणि आजही प्रत्येक आई लेकीचा हात धरून त्या खाचेतून बोट फिरवते, गाठीवरून, आडव्या रेघेवरून, आणि उभ्या रेघेच्या तोंडाशी येऊन थांबते. तिथं दगडाला एक उथळ खळगा पडला आहे. थांबलेल्या बोटांचा तो. किती आया तिथं थांबल्या असतील, त्याचा अंदाज हात लावल्यावरच येतो.

तिथून खाली रेघ सरळ आणि नितळ आहे. ती लेकी एकट्या ओढतात.