बेहड्याची भेग

त्या राज्यात डोंगर पुष्कळ होते आणि झाडी असलेला डोंगर एकच उरला होता. बाकीचे सगळे भादरल्यासारखे उघडे पडले होते. त्यांच्यावरची झाडं राजधानीने कशाकशासाठी तोडून नेली, हे आता राजधानीलाही आठवत नव्हतं. उरलेल्या त्या एका डोंगराच्या पोटाशी जुनी राई होती. ती कुणी लावली नव्हती आणि कुणी राखलीही नव्हती. पाखरं तिथली फळं खात, उडत, बिया टाकत, आणि बी पडलं तिथे झाड उभं राही. पाखरांचं पोट भरणं आणि राईचं वाढणं हे तिथे एकच काम होतं.

धनेश हा राईतला जुना रहिवासी. चोच थोरली, पिवळीधमक, वर शिंगासारखा उंचवटा. त्यामुळे कुठेही बसला तरी सभेचा अध्यक्ष बसल्यासारखा दिसे. आपल्या आजाने कुठल्या पायरीच्या झाडाचं बी टाकलं आणि बापाने कुठल्या उंबराचं, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून सांगे. स्वभावाने वाईट नव्हता. मान दिला की हुरळून जायचा, एवढंच.

धनेशांची एक रीत होती. उन्हाळ्याच्या तोंडाला धनेशीण बेहड्याच्या ढोलीत शिरे आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेई. माती त्याने आणायची, लिंपायचं तिने. चोचीचं टोक बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी ठेवायची. आत बसल्यावर तिची उडायची पिसं झडत, अंडी उबत, पिलं निघत, आणि तीन महिने त्या सगळ्यांचं जगणं त्या फटीवर चाले. धनेश फळ आणी, फटीतून चोच येई, फळ आत जाई. राईच्या अंगावर असल्या कितीतरी फटी होत्या आणि प्रत्येकीच्या आत कुणी ना कुणी राहत होतं.

त्या वर्षी थंडी सरता सरता राजधानीहून करकोचा आला. राजधानी तळ्याकाठी होती आणि तिथे सगळा कारभार करकोच्यांचा. पाय लांब, मान लांब, आणि एखादी गोष्ट पसंत पडली की दाद म्हणून चोच वाजवायची, खट् खट् खट्. त्याने राईतल्या सगळ्या पाखरांना गोळा केलं आणि तो म्हणाला, "बाकीचे डोंगर उजाड झाले, याचं राजधानीला अतीव दुःख आहे. म्हणून ही राई आपण जपायची ठरवली आहे. तुम्ही सगळे या कामात आमचे भागीदार. ही राई आजवर तुमची होती. आजपासून ती आपली आहे."

त्याच्याबरोबरच्या करकोच्यांनी चोची वाजवल्या. राईतल्या पाखरांनाही आपापल्या चोची वाजवाव्याशा वाटल्या. मग प्रत्येकाकडून एक पीस मागून घेतलं आणि ती सगळी पिसं एका फळीवर ओळीने चिकटवली. धनेशाचं पीस सर्वांत लांब, म्हणून ते मधोमध लावलं.

संध्याकाळी तो बेहड्यावर परतला तो छाती फुगवूनच. "अगं, मधोमध लावलंय माझं पीस!" तो धनेशिणीला म्हणाला.

"लावू देत की," ती म्हणाली. "दिवसभर बघतेय मी त्यांना. झाड किती उंच, सावली किती लांब, सगळं विचारलं. आपण खातो काय, एवढं नाही विचारलं."

"तुला प्रत्येकात खोट दिसते."

"अहो, खोट नाही हो. आपलं मला दिसलं ते सांगितलं."

पहिला नियम आठ दिवसांत आला. झाडाला भोक पाडणं म्हणजे वारशाला इजा करणं. या नियमाने राईत एकच गुन्हेगार सापडला, तो म्हणजे सुतारपक्षी. त्याला फळीसमोर उभं केलं तेव्हा त्याला आधी हसूच आलं.

"अहो, मी भोकं पाडली म्हणून तर ही मंडळी घरात आहेत," तो म्हणाला. "पोपट माझ्या भोकात, मैना माझ्या भोकात. धनेशभाऊ, तुमची बेहड्याची ढोली कुणाच्या आजाने फोडली? सांगा की यांना."

धनेशाला उत्तर पाठ होतं. ती ढोली सुताराच्या आजाने फोडली होती, हे तो दर वर्षी पिलांना सांगत आला होता. पण करकोचा त्याच्याकडे मोठ्या आदराने बघत होता, आणि पीस मधोमध होतं. धनेश मूग गिळून बसला. सुताराला त्याच दुपारी उघड्या डोंगरावर हाकलून दिलं. तिथे टोचायला एक खोड नव्हतं. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांची घरं कोरली, त्याला निरोप द्यायलाही कुणी गेलं नाही, आणि या गोष्टीची लाज त्या राईला पुढे पुरून उरायची होती.

दिवस भरत आले होते. ऋतू काही भागीदारीसाठी थांबत नाही. धनेशीण ढोलीत शिरली, धनेशाने माती आणून दिली, आतून लिंपण चढत गेलं. शेवटची फट राहिली तेव्हा ती आतून म्हणाली, "फटीशी येत राहा, म्हणजे झालं."

"अगं, आता तर मी भागीदार आहे," धनेश म्हणाला. "मला कोण अडवणार?"

अडवायला कोतवाल होता. हा काळा, दुशेपट्या, भांडकुदळ पक्षी त्याच राईत वाढलेला. त्याला राईच्या तोंडाशी नेमलं आणि तिथे एक कमान उभी राहिली. सुशोभीकरण सुरू झालं होतं. वाकड्या पायवाटा सरळ झाल्या. जमिनीवर पडलेली फळं कचरा ठरून झाडून काढली गेली. फांदीवरची फळं वारसा ठरली, त्यांना चोच लावायची नाही. भागीदारांनी दिवसातून एकदा, सकाळी, कमानीतून आत यायचं आणि दुपारच्या आत बाहेर पडायचं. राईत जन्मलेली पाखरं बाहेरच्या उघड्या खडकांवर बसून आपल्याच घरी जायची परवानगी मागू लागली. मागताना ती हात जोडल्यासारखे पंख मिटून घेत, आणि हे त्यांना कुणी शिकवलंही नव्हतं.

धनेश लांबच्या ओढ्यावरून उंबरं आणू लागला. पूर्वी दिवसाला वीस फेऱ्या व्हायच्या, आता एक. फटीतून येणारी चोच रोज थोडी अधिक घाईने येई.

"कमी पडतं हो," धनेशीण एकदा म्हणाली. तिने तक्रार म्हणून ते एकदाच सांगितलं.

धनेश करकोच्याकडे गेला. करकोचा एका पायावर उभा होता. धनेशाने सांगितलं, की बायको आत आहे, पिलं निघाली आहेत, फटीशी दिवसभर जावं लागतं. करकोच्याने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"आपल्या अभिप्रायाची नोंद घेतली आहे," तो म्हणाला. "आपल्यासारखे जाणते भागीदार आहेत म्हणून हे काम उभं आहे. बरं, झाडांना फार भेगा पडल्यात. त्या बुजवायच्या आहेत. मातीची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या लिंपायला येणार आहेत. चांगली माती कुठे मिळेल?"

असं विचारल्यावर धनेशाला राहवलं नाही. चांगली माती कुठे मिळते, हे त्या राज्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नदीच्या उताराखाली पांढरी चिकण माती होती. वाळली की दगड. तो म्हणाला, "मी आणून देतो." त्याला श्रमदान म्हणतात, हे करकोच्याने सांगितलं. एवढं मात्र धनेशाने आवर्जून बजावलं, की बेहड्यावरची उभी फट म्हणजे भेग नव्हे, ते आमचं दार आहे. करकोच्याने त्याचीही नोंद घेतली.

चार दिवस तो माती वाहत होता. चोच भरभरून आणायचा, कमानीशी ओतायचा, पुन्हा जायचा. चौथ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखं त्याला आत सोडलं. फटीतून तिची चोच आली, आणि तिच्या मागून दोन बारीक आवाज आले. धनेशाने उंबरं आत दिली.

"उद्या लवकर या," ती म्हणाली.

"उद्या राई बंद आहे. आता परवाच. परवा समारंभ आहे ना, राजधानीचे थोर पाहुणे येणार. मला सगळ्यांत पुढे बसवणार आहेत."

ती आतून म्हणाली, "पिलांना परवा कळत नाही हो."

समारंभ कमानीबाहेरच्या पटांगणावर झाला. पाहुणे करकोचे ओळीने बसले होते. त्यांच्यापुढे पानांवर राईतली फळं मांडली होती, पिकली उंबरं, पायरीची फळं, जांभळं. चोच लावायची नाही तीच फळं. त्यांनी ती दोन-दोन चाखली आणि पानं बाजूला सारली. धनेशाला पुढे बसवलं, गळ्यात पानांची माळ घातली, आणि करकोच्याने त्याच्याबद्दल चार शब्द सांगितले. त्यात धनेश कुठे राहतो हे नव्हतं. सगळ्यांनी चोची वाजवल्या.

धनेशाचं लक्ष समोरच्या पानांकडे होतं. एक उंबर उचलावं आणि पळावं, असं त्याच्या मनात तीनदा आलं. तो कोतवालाकडे वळून हळूच म्हणाला, "मला जरा आत जाऊन येऊ दे. कालपासून उपाशी आहेत रे."

"कार्यक्रम होऊ दे," कोतवाल म्हणाला. "मान मिळतोय तर बस की गप."

तेवढ्यात एक पाकोळी कौतुकाने त्याच्याजवळ येऊन बसली. दिवसभर चिखलात काम केलेली, साधी, कष्टाळू पाकोळी. "भागीदार, माती मात्र झकास हं तुमची," ती म्हणाली. "असली माती जन्मात हाताळली नव्हती. त्या मोठ्या बेहड्याची उभी भेग आहे ना, ती काल एका लेपात बसली."

धनेशाने तिच्याकडे पाहिलं.

"आतून सारखं काहीतरी ढकलत होतं," ती म्हणाली. "मग वर आणखी दोन लेप दिले. आता पक्कं झालंय."

धनेश उठला तो माळेसकट. कोतवाल ओरडत मागे लागला. करकोच्याला वाटलं, भागीदार राई दाखवायला पुढे निघाला, म्हणून त्याने पाहुण्यांना हाक दिली आणि सगळी मिरवणूक सरळ केलेल्या वाटेने आत शिरली.

बेहड्याचं खोड गुळगुळीत, पांढरं, देखणं दिसत होतं. फट होती तिथे ती फळी टांगली होती आणि तिच्यावर मधोमध धनेशाचं पीस होतं. त्याने फळी उपटून खाली टाकली आणि मातीवर चोच मारली. माती हलली नाही. त्याने पुन्हा मारली. धनेशाची चोच दिसायला थोरली, पण आतून पोकळ असते. फळ तोडायला ती पुरते, खोड फोडायला नाही. खोड फोडणारी चोच त्या राज्यात एकाचीच होती आणि तो उघड्या डोंगरावर होता. धनेशाने आपल्या नावाने, आपल्या पिसाच्या नावाने, आपल्या मूग गिळण्याच्या नावाने शिव्या घातल्या आणि चोच मारत राहिला. चोचीला तडा गेला. रक्त आलं.

तेव्हा आतून आवाज आला. टक्. टक् टक्.

"ऐका," करकोचा पाहुण्यांना म्हणाला. "ऐकलंत? झाडसुद्धा दाद देतंय."

पाहुणे गहिवरले. एकाने चोच वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. खट् खट् खट्. राई त्या आवाजाने भरून गेली. आतला आवाज त्यात ऐकू येईना.

"ए भागीदार!" कोतवाल खालून ओरडला. "वारशाला चोच लावतोस?"

धनेशाने ऐकलं नाही. मातीचा एक टवका निघाला, मग दुसरा. तो टवके चोचीने ओढून काढत होता, थुंकायलाही थांबत नव्हता. शेवटी एक बारीक भोक पडलं. त्यातून एक चोच बाहेर आली. ती अगदी लहान होती, अजून पिवळीही झाली नव्हती. तिच्या मागून दुसरी आली नाही. मोठी तर आलीच नाही.

लहान चोच उघडली आणि उघडीच राहिली. धनेशानेही सवयीने आपली चोच तिच्यापुढे उघडली. ती पांढऱ्या मातीने भरलेली होती.

खाली चोची अजून वाजत होत्या.