येसूचा वारा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि मी सांगतेय तोवर कुणी मध्ये बोलायचं नाही. करंजपाड्यात तेव्हाही बोहाडा व्हायचा. बोहाडा म्हणजे लाकडी मुखवटे चढवून देवांची नि दैत्यांची सोंगं नाचवायचा उत्सव. महिषासुराचं सोंग कोंडाजीकडे असायचं. काय नाचायचा म्हणून सांगू! त्यानं पाय आपटला की पल्याडच्या पाड्यातली मडकी हलायची, असं म्हणतात.

पण आमची माणसं भारी हौशी. महिषासुर आला की हाताला लागेल ते उधळायचं. गुलाल, भंडारा, भाताचा बारीक कोंडा, काहीही. जितका धुरळा मोठा तितकी देवी खूश, अशी समजूत. आणि मुखवट्याला नाकाशी भोकं इवलीशी.

एका वर्षी कोंडाजी नाचता नाचता थरथरायला लागला आणि धाडकन गुडघ्यांवर आला.

"अंगात आलं! अंगात आलं!" लोक ओरडले, आणि आणखी मुठी भरभरून उधळू लागले. शहाणेच सगळे! कोंडाजीची बायको येसू, ती तेवढी धावली. नवऱ्याचा श्वास कोंडलाय हे तिला एकटीला कळलं. तिनं भर चौकात मुखवटा ओढून काढला. नाकातोंडात नुसता गुलाल. तिनं तो पदरानं पुसला, पाठ चोळली, तेव्हा कुठे गडी श्वास घ्यायला लागला.

"सोंग मोडलंस तू!" म्हातारा भगत कडाडला. "आता ह्यो पुन्हा नाचायचा न्हाई."

कोंडाजी लहान पोरासारखा रडला. जेवेना, बोलेना. नाच सुटला तर हा माणूस जगायचा नाही, हे येसूला दिसत होतं. ती तडक भगताकडे गेली.

"फुडल्या साली हे नाचतील," ती म्हणाली. "धुरळा पण उडंल. पण उडवीन मी एकटी. यांच्या अंगावर एक कण पडला तर माझं तोंड बघू नका."

येसू धान्य उपणण्यात तरबेज होती. भूस कुठं उडून जाणार, हे ती गालाला लागणाऱ्या वाऱ्यावरून सांगायची. पुढच्या बोहाड्याला ती गुलालानं भरलेलं सूप घेऊन उभी राहिली. आणि वारा बघा, साफ पडलेला! भगत मिशीत हसला. मग येसूनं शीळ घातली. बाईमाणसानं, भर गावात शीळ! तसा डोंगराआडून वारा निघाला आणि गाईसारखा तिच्याजवळ येऊन थांबला, असं म्हणतात.

तिनं सूप हलवलं. गुलाल कोंडाजीला वळसा घालून वर चढला, आणि आभाळात शिंगं उगारून ताडाएवढा महिषासुर नाचायला लागला! खाली कोंडाजी, वर तो, पाय दोघांचे एका तालात. कोंडाजीच्या धोतराला डाग म्हणून नाही. भगतानं स्वतः संबळ गळ्यात अडकवला आणि असा काही बडवला की विचारू नका.

आजही करंजपाड्यात महिषासुर निघण्याआधी एक बाई सूप घेऊन पुढे होते आणि चिमूटभर कोंडा सोडून 'येसूचा वारा' बघते. तिनं मान हलवल्याशिवाय कुणाची मूठ उघडत नाही. आणि नाच ऐन रंगात आला की संबळ थांबतो. सगळ्यांदेखत महिषासुराचा मुखवटा उतरवतात. आतला घामाघूम माणूस छाती भरून श्वास घेतो.

"हाय का रं?" अख्खा गाव विचारतो.

"हाय!" दैत्य ओरडतो, आणि देवीला मिळत नाहीत एवढ्या टाळ्या त्याला मिळतात.