चार टेकड्यांची फेरी

एका जंगलात एक वाघ राहत असे. त्याच्या वाट्याला एक टेकडी आणि कधी न आटणारा एक डोह होता. वाघांची रीत तुम्हांला सांगून ठेवतो. हद्दीवरच्या झाडांवर नखांचे ओरखडे काढून ते आपला वास ठेवतात. हा वास आठ दिवसांत विरतो, म्हणून त्याआधी फेरी पुरी करावीच लागते. आपल्या वाघाची फेरी चार दिवसांत होई. उरलेले चार दिवस तो पिलांना घेऊन डोहात डुंबे.

पण नाल्यापलीकडच्या वाघाच्या तीन टेकड्या होत्या. पहाटे त्याची डरकाळी घुमली, की आपल्या वाघाच्या पोटात दुखे. "त्याच्या तीन आणि माझी एकच? नखं काय त्यालाच आहेत?" वाघीण म्हणे, "अहो, आपल्याला काय कमी आहे? तुम्ही लांब गेलात, तर इथं कोण बघणार?" पण मत्सर असा समजुतीने कधी शमला आहे का!

एक दिवस तो नाला ओलांडून गेलाच. गंमत अशी, की त्याला कोणी अडवले नाही. झाडांवरचे ओरखडे जुने होते, वासही विरलेला होता. "भ्याला मला!" असे म्हणत त्याने तिन्ही टेकड्या घेतल्या. आता फेरी चार टेकड्यांची झाली. शिकार करावी तर हद्द राहून जाई, हद्द राखावी तर पोट रिकामे. सोळाव्या दिवशी तो तहानेने व्याकूळ होऊन डोहावर परतला, तर काठच्या जांभळीवर ताजे ओरखडे! वाघीण पिलांना घेऊन केव्हाच निघून गेली होती, आणि पाण्यात पलीकडचा वाघ निवांत बसला होता.

"त्या टेकड्यांपायी माझी हाडं निघाली होती," तो म्हणाला. "फिरून फिरून जीव जाई, पण हद्द काही राखता येईना. वरून तुमचा हा डोह दिसायचा आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. तुमचा वास विरला, तसा मी आलो."

आपल्या वाघाने पंजा उगारला, पण चार टेकड्यांवर ओरखडून त्याची नखे झिजली होती. तो मुकाट्याने मागे फिरला. आता तो पलीकडच्या टेकडीवर बसून असतो. तिथून डोह स्पष्ट दिसतो, आणि त्याच्या पोटात पुन्हा दुखते.

तात्पर्य : दुसऱ्याचे राज्य दुरून मोठे दिसते, त्याची दमछाक दिसत नाही; जेवढे राखता येते, तेवढेच आपले.