घरची चिमूट

डोंगरामागे डोंगर आणि त्यामागे आणखी डोंगर असलेलं एक राज्य फार पूर्वी होऊन गेलं. तिथे भात पिकत नसे, ऊस पिकत नसे. पिकायचा तो फक्त चहा. उतारांवर कमरेएवढी झुडपं, त्यांवर सकाळचं धुकं, आणि धुकं विरायच्या आत पाठीवर टोपल्या बांधून पानं खुडणारी माणसं.

तो चहा आपल्यासारखा नव्हता. त्यात दूध नाही, साखर नाही, आलं नाही, आणि पातेल्यात रटरट उकळणं तर मुळीच नाही. दोन कोवळी पानं आणि एक कळी एवढंच खुडायचं, सावलीत सुकवायचं, हाताने मळायचं, मंद आचेवर भाजायचं. मग चिमूटभर पत्ती पेल्यात टाकून वर गरम पाणी ओतायचं आणि थांबायचं. पाण्याला फिकट सोनेरी रंग चढला की झाला चहा. घाईत असलेल्या माणसाला तिथे कुणी चहा विचारतच नसे.

त्या राज्यात एक चहापारखी होता. तो घोटभर चहा तोंडात घ्यायचा, सुर्रकन आवाज करत जिभेवर फिरवायचा आणि शेजारच्या पितळी तस्तात थुंकून टाकायचा. गिळायचा कधीच नाही, कारण गिळलेल्या घोटाची चव रेंगाळते आणि पुढच्या पेल्याचा न्याय बिघडतो. मग डोळे मिटून तो सांगायचा, हे पान धुक्यात खुडलंय, हे उन्हात खुडलंय, हे भाजताना कुणाचं तरी लक्ष दुसरीकडे होतं. ज्याचं लक्ष दुसरीकडे होतं तो गर्दीत हळूच मान खाली घालायचा.

या जिभेसाठी पारख्याने पुष्कळ काही सोडलं होतं. त्याच्या घरात कांदा नव्हता, लसूण नव्हता, हिंगाची फोडणी नव्हती. त्याची बायको लोणचं खायला माहेरी जायची. चहाचं पान मोठं भोळं असतं, शेजारी जे ठेवाल त्याचा वास ते स्वतःत ओढून घेतं, असं तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा. म्हणून दरवर्षी चौकात होणाऱ्या चहाच्या पारखीच्या आदल्या दिवशी मळ्यांमधून पत्तीची जी गाडगी यायची, ती ठेवायला त्याने एक रिकामी खोली राखली होती. भिंतींना पांढरी माती, जमिनीवर दगड, बाकी काही नाही. त्या खोलीत तो डोक्याला तेल लावलेल्या माणसालाही पाऊल टाकू देत नसे.

राज्यात एक कडक कायदा होता. पूर्वी कधीतरी काही लोभी मळेवाल्यांनी शिळ्या पत्तीत वाळलेली फुलं मिसळून ती ताजी म्हणून विकली होती. लबाडी उघडी पडली आणि घाटापलीकडचे व्यापारी यायचेच बंद झाले. कित्येक घरांत चूल पेटेना. तेव्हापासून ठरलं, की ज्याच्या पत्तीत फुलाचा वास सापडेल त्याची झुडपं बुंध्यापासून तोडायची. वास आहे की नाही हे ठरवायचं पारख्याने. त्याच्या शब्दावर दाद मागायची सोय नव्हती, आणि कुणाला तशी गरजही वाटली नव्हती, कारण त्याची जीभ आजवर चुकली नव्हती.

सगळ्यात उंच उतारावर एक बाई एकटीच राहायची. तिचा उतार लहान होता. तिथली झुडपं तिच्या सासूने लावली होती. पाणी वर चढत नसे, म्हणून त्या सासूने आयुष्यभर खालच्या झऱ्यावरून घागरी वाहून एकेक झुडूप जगवलं होतं. आता सासू नव्हती, नवरा तर त्याआधीच गेला होता. बाईला माणूस म्हणून कुणी उरलं नव्हतं, ती झुडपंच उरली होती. पानं खुडताना ती त्यांच्याशी बोलायची, आणि त्यात तिला काही वेडेपणा वाटत नसे.

त्या वर्षी पारखीच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी पारख्याच्या दारी आल्या. आधी राजवाड्यातून एक शाल आली. पारखीच्या दुसऱ्या दिवशी महाराज त्याला भर दरबारात मानाची पदवी देणार होते, आणि ही शाल पांघरून त्याने यावं असा निरोप होता. शाल रेशमाची होती आणि राजवाड्याच्या रिवाजाप्रमाणे तिला गुलाबाचं अत्तर लावलेलं होतं. त्याच्या घरात असली वस्तू कधी येत नसे, पण महाराजांची भेट परत कशी पाठवायची? त्याने ती नाकापासून लांब धरून मोठ्या लाकडी पेटीत ठेवली. ठेवताना एकदा खांद्यावर टाकून पाहिली, हेही खरं.

मग संध्याकाळी, रिकाम्या खोलीला कुलूप घातल्यावर, उंच उतारावरची बाई धापा टाकत आली. वाट लांबची, म्हणून तिला उशीर झाला होता. तिने कापडाने तोंड बांधलेलं गाडगं पुढे केलं. पारख्याच्या मनात परवाचा दरबार घोळत होता. कुलूप पुन्हा काढायचा त्याला कंटाळा आला. एका गाडग्याने काय होतंय, असं म्हणून त्याने ते हाताशी उघड्याच असलेल्या त्या पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. सकाळी ते त्यानेच काढून बाकीच्या गाडग्यांच्या ओळीत मांडलं. कुठून काढलं, याचा त्याने विचारही केला नाही.

पारखीच्या दिवशी चौकात सारं राज्य लोटलं होतं. पेले मांडले गेले, पाणी ओतलं गेलं. पारखी एकेक पेला उचलत पुढे सरकत होता. शेवटच्या पेल्याशी तो थांबला. त्याने घोट घेतला, थुंकला, आणि पुन्हा घेतला. मग त्याने विचारलं, हा कुणाचा. बाई पुढे आली.

“यात गुलाब आहे,” पारखी म्हणाला.

बाईला आधी त्याचं बोलणं कळलंच नाही. कळल्यावर ती म्हणाली, की तिच्या उतारावर गुलाबाचं झुडूप नाही, आसपासही नाही. पारखी म्हणाला, ते मला ठाऊक नाही, पण पेल्यात गुलाब आहे. आणि ते खरंच होतं. त्याच्या जिभेने त्याला जे सांगितलं त्यात तिळभर खोट नव्हती.

“बुवा, याच खुडणीची चिमूटभर पत्ती माझ्या घरी उरलीय,” बाई म्हणाली. “मी धावत जाऊन आणते. ती चाखा आणि मग काय ते ठरवा.”

मागणी साधी होती. पण उतार लांब होता, महाराज बसले होते, आणि लोक बघत होते. एका बाईच्या म्हणण्यावरून आपण थांबलो तर आपली जीभ काय राहिली, असं पारख्याला वाटलं.

“माझ्या जिभेला दुसरी साक्ष लागत नाही,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी झुडपं तोडायची, असा हुकूम निघाला. बाईने कुणाच्या पाया पडायचं बाकी ठेवलं नाही. मग ती वाटेला लागली.

दिवस अजून मावळला नव्हता तेव्हा पारखी घरी आला. दरबाराची शाल एकदा झटकून ठेवावी म्हणून त्याने पेटी उघडली. गुलाबाच्या वासाचा लोट त्याच्या तोंडावर आला. शालीच्या घडीवर गाडग्याच्या बुडाची गोल खूण उमटली होती. तो तिथेच खाली बसला. त्याला सगळं आठवलं, कुलूप, कंटाळा, उघडी पेटी. चहाचं पान भोळं असतं, हे राज्याला शिकवणारा माणूस तो, आणि गुलाब त्यानेच त्या पत्तीत घातला होता.

तेव्हाच उठून राजवाड्यावर जायला हवं होतं. वाट सरळ होती आणि उजेडही होता. तो उठलाही, दारापर्यंत गेलाही. पण दाराशी त्याच्या मनाने त्याला समजावायला सुरुवात केली. आज सांगितलं तर उद्याचा दरबार होणार नाही. एवढी वर्षं तोंडाची चव मारली ती ज्या दिवसासाठी, तो दिवसच हातचा जाईल. उद्या पदवी मिळाली की लगेच सांगू. तोडणारे लोक पहाटे निघाले तरी तो उतार चढायला त्यांना दुपार होईल. तोवर हुकूम सहज मागे घेता येईल. मन असं बोलायला लागलं की त्याच्याइतकं गोड कुणी बोलत नाही. पारखी परत आत आला आणि त्याने दार लावून घेतलं.

तोडणारे केव्हा निघणार, हे मात्र त्याने कुणाला विचारलं नाही. ते त्याच संध्याकाळी निघाले होते आणि उताराच्या पायथ्याशी मुक्कामाला थांबले होते.

दरबार भरला. पारखी शाल पांघरून उभा राहिला. महाराजांनी त्याच्या कपाळी टिळा लावला आणि म्हणाले, की या राज्याचा चहा या जिभेवर उभा आहे, कारण या जिभेने कुणावर कधी अन्याय केला नाही. लोकांनी मान डोलावली. पारख्याच्या अंगावरच्या शालीतून गुलाबाचा वास येत होता, आणि त्याला श्वास घेता येईना. त्याने महाराजांचे पाय धरले आणि पेटीची गोष्ट भर दरबारात सांगून टाकली. महाराजांचा चेहरा उतरला. त्यांनी घोडे काढायला सांगितले आणि ते स्वतःही निघाले.

उतारावर पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. तोडणाऱ्यांनी वरच्या टोकापासून सुरुवात केली होती, म्हणजे सासूने सगळ्यात आधी लावलेल्या जुन्या झुडपांपासून. आता अगदी खालच्या कडेची थोडी झुडपं उभी होती. बाकी सगळीकडे नुसते बुंधे होते, ओले आणि पांढरे. बाई घराच्या पायरीवर बसली होती. तोडणाऱ्यांना थांबवलं गेलं. महाराजांनी तिला हात जोडले. पारखी तिच्यासमोर उभा राहून जे घडलं ते सांगू लागला, आणि ती त्याच्याकडे न बघता ऐकत राहिली.

त्याचं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

महाराजांना वाटत होतं, की याला सकाळी शाल पांघरताना कळलं असावं. आज सकाळी, असं तो म्हणाला असता तर त्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. पारख्याने बुंध्यांकडे पाहिलं.

“काल,” तो म्हणाला. “दिवस मावळायच्या आधी.”

पहिली कुऱ्हाड पडायच्या आधी किती वेळ हातात होता, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. बाई रागावली नाही. ती आत गेली, चुलीवर पाणी ठेवलं आणि फडक्यात बांधलेली चिमूटभर पत्ती घेऊन बाहेर आली. ही तीच पत्ती होती जी आणायला ती काल धावत यायला तयार होती. तिने ती पेल्यात टाकली, वर पाणी ओतलं, आणि सगळे थांबले. पाण्याला सोनेरी रंग चढला तशी तिने पेला पारख्यापुढे ठेवला.

त्याने घोट घेतला. त्यात धुकं होतं, दगडावरून आलेलं पाणी होतं, आणि भाजताना जराही न ढळलेलं लक्ष होतं. गुलाबाचा मागमूसही नव्हता. त्याने आयुष्यात असंख्य पेले चाखले होते, पण असा चहा त्याच्या जिभेवर कधी आला नव्हता. सवयीने त्याची नजर तस्त शोधू लागली. तस्त तिथे नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने चहाचा घोट गिळला, आणि तो ओक्साबोक्शी रडला.

“बाई, हा राज्यातला सगळ्यात उत्तम चहा आहे,” तो म्हणाला.

“होता,” बाई म्हणाली.

महाराजांनी तिला दुसरा मोठा उतार देऊ केला. तिने तो घेतला नाही. त्या मातीला माझ्या सासूबाईंचा हात लागलेला नाही, एवढंच ती म्हणाली. पारख्याने शाल आणि पदवी तिथेच परत केली आणि तो पुन्हा कधी पारखीला बसला नाही. तो बायकोला घेऊन त्या उताराच्या पायथ्याशी राहायला आला. रोज सकाळी झऱ्यावरून घागर भरून तो वर न्यायचा आणि बुंध्यांना घालायचा. बाईने त्याला या म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. काही बुंधे फुटले, काही वाळून गेले. जे फुटले त्यांच्या पानांचा चहा बरा व्हायचा. पण त्या दिवशी गिळलेल्या घोटाची चव त्यात कधीच उतरली नाही, आणि ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

तेव्हापासून त्या राज्यात एक रीत पडली. मळेवाला पारख्याकडे गाडगं पाठवतो तेव्हा त्याच खुडणीची चिमूटभर पत्ती घरी बांधून ठेवतो. पेल्यात खोट सापडली की पारखी निवाडा देत नाही. महाराज बसले असले तरी, उतार कितीही लांब असला तरी, तो थांबतो आणि आधी घरची चिमूट आणायला सांगतो. ती आणायला जो जातो तो सगळ्यात वरच्या उताराकडे बघून हात जोडतो आणि मग धावत सुटतो.

या गोष्टीचं तात्पर्य असं: दुसऱ्याच्या पेल्यात खोट सापडली, तरी ती आली कुठून हे शोधल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नये, आणि ती आपल्याच घरातून गेली असं कळलं, तर ते सांगायला उद्याची वाट पाहू नये.