टाके घट्ट होते

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध शल्यचिकित्सक होते. त्यांचा एक शिष्य होता, हाताने अत्यंत कुशल. त्याच्याकडे केरबा नावाचा गवंडी आला. परांचीवरून पडून त्याचा कमरेखालचा भाग निर्जीव झाला होता. सतत एकाच जागी बसून राहिल्याने बैठकीच्या हाडावर खोल जखम झाली होती. शिष्याने मांडीचे मांस त्वचेसह फिरवून ती बुजवली. जखम सुरेख भरली. चार महिन्यांनी केरबा परतला. जखम पुन्हा उघडली होती. शिष्याने दुसऱ्या मांडीचे मांस घेतले. सात महिन्यांनी तो तिसऱ्यांदा आला.

"गुरुजी, टाके तर घट्ट होते," शिष्य त्रासून म्हणाला. "आता पाठीचे मांस घेऊन पाहू का?"

गुरुजींनी जखमेकडे पाहिलेही नाही. केरबाच्या खाटेशेजारच्या लाकडी बाकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथे बस. मी सांगेपर्यंत हलायचे नाही."

शिष्य चकित झाला, पण बसला. पाव तास गेला.

"हललास," गुरुजी म्हणाले.

"नाही, गुरुजी."

"हलला की, डॉक्टर," खाटेवरून केरबा म्हणाला. "चार डाव हलला. मी बघत होतो."

शिष्य ओशाळला. "रग लागली असेल. माझ्या ध्यानातही आले नाही."

"तुझ्या ध्यानात येण्याआधी तुझ्या कातडीला कळले. ती तुला हलवते, म्हणून ती जिवंत आहे. त्याच्या कातडीची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तू नवे मांस आणलेस आणि त्याच हाडाखाली, त्याच भाराखाली ठेवलेस. जखम भरलीस, भार कोणी उचलायचा, हे विचारलेस का?" मग ते खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या केरबाच्या बायकोकडे वळले. "हौसाबाई, दिवसा याला कोण उचलतं? कुशीवर कोण वळवतं?"

"कोन वळवनार, सायेब? मी सकाळी वीटभट्टीवर जाते, ती दिवस मावळताना येते. तवर ते खुर्चीतच." तिने शिष्याकडे पाहिले. "ह्यांनी सांगितलं, बरं झालं, घरी न्या. म्हनून नेलं. वळवायचं असतं, हे कुनी सांगितलंच न्हाई."



तिसरी शस्त्रक्रिया झाली नाही. जखमेचा संसर्ग हाडात शिरला होता, तिथून रक्तात भिनला. हौसाबाईने भट्टी सोडली, रात्रंदिवस दर दोन तासांनी नवऱ्याला कुशीवर वळवले. अठराव्या दिवशी तो गेला.

कागदपत्रे घ्यायला आलेली हौसाबाई दारात थांबली.

"सायेब, अंगावर आनखी थोडं मांस असतं, तर ते वाचलं असतं का वो?"

शिष्याला खोटे बोलणे सोपे होते.

"नाही, बाई," तो म्हणाला. "मांस होतं, तेव्हाच मी तुम्हाला सांगायला हवं होतं."