वाचनालयाच्या खिडकीतली फळी

वाचनालयाची दक्षिणेकडची उंच खिडकी विटांनी बुजवायची, असं अध्यक्ष बापूसाहेबांनी ठरवूनच टाकलं. दुपारी टेबलावर असं ऊन यायचं की वाचणारा कपाळावर हात धरून बसायचा. पण खिडकी गेली तर खोलीची अंधारकोठडी होणार, हे ग्रंथपाल सुलभाताईंना दिसत होतं. त्यांनी गावात लग्न होऊन आलेल्या आर्किटेक्ट शाल्मलीला गाठलं. शाल्मलीनं एका दिवसाची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बापूसाहेब गवंड्याला आणि कार्यकारिणीच्या मंडळींना घेऊनच हजर झाले. शाल्मलीनं खिडकीत डोक्याच्या वर एक रुंद पांढरी फळी आडवी बसवलेली होती, अर्धी बाहेर, अर्धी आत.

"फळी? आणि तीही रिकामी!" बापूसाहेब शाल्मलीकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. "बाई, एवढं शिकून हाच का उजेड पाडलात?"

सोबतची कार्यकारिणीही खो खो हसली.

"पडत तर तो आधीपासूनच होता, बापूसाहेब," शाल्मली शांतपणे म्हणाली. "थेट लोकांच्या डोळ्यांवर. मी तो फक्त वर चढवला."

आलेल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. फळीवर आपटलेलं ऊन पांढऱ्या छतावर पसरलं होतं आणि तिथून मऊ होऊन पार मागच्या कपाटांपर्यंत उतरत होतं. टेबल सावलीत होतं, आणि वाचणाऱ्या मुलींनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

बापूसाहेबांनी घसा खाकरला. "गवंडी, तुम्ही निघा."

सुलभाताई कालपासून पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या.

"आणि बाई," बापूसाहेब खिडकीकडेच बघत म्हणाले, "अध्यक्षांच्या खोलीतही उजेड फार पडतो हो. तिथंही चढवा की."